आधी मोठ्यांचे एकमत हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या हातातील मोबाइल हा विषय निघाला की बोलणे ठरलेल्या वाटेने जाते. शिक्षक म्हणतात, घरात धाक उरलेला नाही. पालक म्हणतात, शाळेनेच ही सवय लावली. आणि शेवटी दोघे मिळून काळाला दोष देऊन मोकळे होतात. मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि शाळकरी मुलांची आईही आहे, त्यामुळे ही दोन्ही गाऱ्हाणी सतत माझ्या कानांवर पडतात, आणि दोन्हींत तथ्य आहे हे मला नाकारता येत नाही. मात्र एकमेकांवर खापर फोडण्याच्या या खटाटोपात एक साधी गोष्ट मागे पडते. मुलांसाठी नियम करणारे मोठे लोक आपसांत कधी नीट बोललेलेच नसतात. घरचा नियम शाळेला ठाऊक नसतो, शाळेचा नियम घरी पोचत नाही, आणि या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत मूल एकटे असते. मुलांना तंत्रज्ञान नीट वापरायला शिकवायचे असेल तर त्यांना नियम सांगण्याआधी घर आणि शाळा यांचे आपसांत ठरले पाहिजे, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सुरुवात शाळेपासून करते, कारण मी त्या बाजूची आहे. अनेक शाळांत गृहपाठ आता वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर येतो. तो पूर्ण करून वहीच्या पानाचा फोटो काढायचा आणि त्याच गटावर किंवा एखाद्या ॲपवर टाकायचा, अशी पद्धत पडली आहे. महासाथीच्या काळात दुसरा मार्गच नव्हता; पण ती निकड संपली तरी पद्धत राहिली, कारण ती शिक्षकांच्या सोयीची आहे. ज्या शाळेचा गृहपाठ संध्याकाळी उशिरा फोनवर येतो, त्याच शाळेच्या पालक सभेत मुलांना मोबाइलपासून दूर ठेवण्याचा उपदेश होतो. या दोन गोष्टी एकाच वेळी पाळायच्या कशा, हे पालकांनी विचारले तर त्यांचे काही चुकत नाही.

प्रत्यक्षात काय घडते ते जवळून पाहावे. सातवीतले मूल गणिताची उदाहरणे उतरवून घेण्यासाठी आईचा फोन हातात घेते. गटावर आधी वीस-पंचवीस संदेश असतात. त्यांतले कोणते शिक्षकांचे आणि कोणते इतर पालकांचे, हे शोधत ते वर सरकत जाते. मध्येच मित्राने पाठवलेल्या व्हिडिओची लिंक दिसते. ती उघडली की त्या व्हिडिओखाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा. तेवढ्यात एखाद्या खेळाचे नोटिफिकेशन येते की आजचे बक्षीस अजून घेतलेले नाही. उदाहरणे वहीत उतरवायला दोन मिनिटे पुरली असती. अर्ध्या तासाने आई स्वयंपाकघरातून विचारते, ‘काय चाललंय?’ आणि मूल उत्तर देते, ‘गृहपाठ.’ ते खोटे बोलत नसते. त्याला गृहपाठासाठीच बसवलेले होते, फक्त ज्या जागी बसवले तिथे गृहपाठ सोडून बाकी सगळ्या गोष्टी अधिक आकर्षक होत्या. अभ्यासाचे साधन आणि करमणुकीचे साधन एकच असणे, हे या प्रश्नाचे मूळ आहे, आणि ते मूळ त्या मुलाच्या स्वभावात नाही.

शाळेने एवढे तरी करावे: रोजचा गृहपाठ वर्गातच फळ्यावर लिहून द्यावा आणि मुलांनी तो वहीत उतरवून घ्यावा. संगणक किंवा फोन लागणारच असेल असे काम क्वचित द्यावे, आणि ते देताना त्याला साधारण किती वेळ लागेल हे सांगावे, म्हणजे घरातल्यांना फोन कधी परत घ्यायचा ते कळेल. घरात एकच फोन असेल आणि तो कामावर जाणाऱ्या माणसाच्या खिशात असेल, अशा मुलाला ते काम कागदावर करण्याची मुभा हवी, आणि ती मुभा त्याला सर्वांसमोर मागावी लागू नये. संध्याकाळच्या एका ठरावीक वेळेनंतर वर्गाच्या गटावर कोणताही संदेश जाऊ नये. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

असे म्हटले की मला जुन्या वळणाची ठरवले जाण्याची शक्यता आहे, म्हणून स्पष्ट करते. शाळेत संगणक नको, असे माझे म्हणणे अजिबात नाही. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना, म्हणजे ओईसीडी, १५ वर्षांच्या मुलांची पिसा नावाची चाचणी अनेक देशांत घेते. २०२२ च्या चाचणीत असे दिसले की शाळेत रोज तासाभरापर्यंत शिकण्यासाठी डिजिटल साधने वापरणाऱ्या मुलांना, ती अजिबात न वापरणाऱ्या मुलांपेक्षा गणितात सरासरी १४ गुण अधिक होते. हा फरक साधनांमुळेच पडला असे यावरून सिद्ध होत नाही. तरीही माफक आणि हेतुपूर्वक वापराचे वावडे असण्याचे कारण नाही, इतके यातून नक्की कळते. त्याच पाहणीत सदस्य देशांतल्या सरासरी ६५ टक्के मुलांनी सांगितले की गणिताच्या निदान काही तासांना तरी डिजिटल साधनांमुळे त्यांचे लक्ष विचलित होते. एकाच अहवालातली ही दोन निरीक्षणे शेजारी ठेवून वाचली की शिक्षकाचे काम काय ते उमगते: साधन कशासाठी उघडायचे आणि काम झाल्यावर ते बंद कधी करायचे, हे त्याने तासापूर्वीच ठरवलेले असले पाहिजे.

वर्गातल्या फोनबंदीविषयी फार लिहीत नाही. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून साधारण १५ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत फोन वापरण्यास बंदी केली. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानुसार तोवर चारपैकी एकाहून कमी देशांनी अशी बंदी कायद्याने किंवा धोरणाने आणली होती. त्यानंतर ही यादी वाढत गेली आहे. शाळेच्या वेळात मुलांच्या खिशात फोन नसावा, याच्याशी मी सहमत आहे. मधल्या सुट्टीत मुले एकमेकांशी बोलतात, भांडतात, खेळतात, हा लाभ मोठा आहे. पण दारावर फोन काढून घेतला की शाळेचे कर्तव्य संपले, असे काही मुख्याध्यापकांना वाटू लागले आहे, त्याची मला काळजी वाटते. शाळा सुटल्यावर तोच फोन त्याच मुलाच्या हातात येतो, आणि त्याचे काय करायचे हे त्याला कोणीच सांगितलेले नसते.

अगदी लहान मुलांच्या बाबतीत मात्र फारसा वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात एक वर्ष पूर्ण होईपर्यंत स्क्रीन नकोच, दुसऱ्या वर्षीही बसून पाहणे टाळावे, आणि दोन ते चार वर्षांच्या वयात दिवसाला एका तासाहून अधिक नको, त्याहूनही कमी असेल तर उत्तम, असे सांगितले आहे. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पॅट्रिशिया कुल या संशोधिकेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली होती. काही बाळांशी समोर बसून माणसे बोलली, खेळली. काही बाळांना त्याच माणसांचे तेच बोलणे पडद्यावर दाखवले. समोर माणूस असलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले, पडद्यासमोरची बाळे मात्र होती तिथेच राहिली. बाळ भाषा शिकते ते माणसाच्या सहवासात. घास भरवताना समोर व्हिडिओ लावून देणाऱ्या आई-वडिलांना दूषणे देण्यात अर्थ नाही, त्यांची ओढाताण मला ठाऊक आहे. पण ‘त्यातून मूल इंग्रजी शब्द शिकते’ ही समजूत तरी त्यांनी सोडावी.

शाळकरी वयात प्रश्न अवघड होतो, आणि तिथे पालक एकच गोष्ट विचारतात: दिवसातून किती तास चालेल? एक आकडा हाती आला की आपण सुटलो, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही ५ ते १७ वर्षे वयासाठी असा आकडा दिलेला नाही. करमणुकीसाठी पडद्यासमोर बसण्याचा वेळ मर्यादित ठेवा, एवढेच ते सांगते. आकडा दिला आहे तो हालचालीचा, दिवसाला सरासरी ६० मिनिटे. ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञांच्या ‘रॉयल कॉलेज’ या व्यावसायिक संस्थेनेही २०१९ मध्ये तासांची मर्यादा ठरवून देण्याचे टाळले आणि त्याऐवजी कुटुंबांनी स्वतःला काही प्रश्न विचारावेत असे सुचवले: घरातला स्क्रीनचा वापर कोणाच्या ताब्यात आहे का, कुटुंबाला जे करायचे असते त्याच्या आड तो येतो का, झोपेच्या आड येतो का, आणि पाहता पाहता नकळत खाणे होते का. मला हे प्रश्न कोणत्याही आकड्यापेक्षा उपयोगी वाटतात, कारण ते मिनिटे मोजण्याऐवजी फोनमुळे काय हुकले ते पाहायला लावतात. एक मूल दोन तास संगणकावर बसून स्वतःचा छोटा खेळ तयार करते आणि दुसरे दोन तास पंधरा-पंधरा सेकंदांचे व्हिडिओ सरकवत राहते. घड्याळाच्या लेखी दोघे सारखेच.

हुकणाऱ्या गोष्टींत पहिली झोप. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, असे अमेरिकेतील निद्राविज्ञान अकादमी सांगते. सकाळच्या पहिल्या तासाला वर्गात उभी राहिले की कोणाची झोप पुरी झालेली नाही ते चेहऱ्यांवरून कळते. पडद्याचा उजेड, पाहिलेल्या गोष्टींनी मनात उठलेली खळबळ, आणि उशाशी ठेवलेल्या फोनवर रात्री येणारे संदेश, ही तिन्ही कारणे एकत्र येतात. यावर घरात एकच नियम करायचा असेल तर मी तो जागेचा करीन: रात्री घरातले सगळे फोन झोपण्याच्या खोलीबाहेर एका ठिकाणी चार्जिंगला लागतील. मोठ्यांचेही. जागेचा नियम पाळायला सोपा असतो, कारण त्यात रोज नव्याने हुज्जत घालावी लागत नाही. ‘अजून पाच मिनिटे’ हा संवाद तिथे निघतच नाही.

दुसरी हुकणारी गोष्ट म्हणजे घराबाहेरचा उजेड. लहान वयात चष्मा लागण्याचा संबंध आपण सरसकट फोनशी जोडतो. जवळून सतत पाहण्याचा त्यात वाटा असू शकतो, पण दिवसाउजेडी बाहेर घालवलेला वेळ दूरचे अंधुक दिसण्याचा दोष सुरू होण्यापासून मुलांचे काहीसे रक्षण करतो, हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर नेण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि तोवर वर्षानुवर्षे वाढत गेलेले अंधुक दृष्टीच्या मुलांचे प्रमाण त्यानंतर खाली येऊ लागले. खेळाचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या शाळांनी हे लक्षात घ्यावे.

वर ‘मोठ्यांचेही’ असे लिहिले ते सहज लिहिलेले नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ जेनी रडेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. उपाहारगृहात मुलांबरोबर आलेल्या ५५ मोठ्या माणसांकडे त्यांनी लांबून पाहिले, त्यांपैकी ४० जणांनी जेवताना फोन वापरला, आणि जे त्यात गढून गेले होते त्यांतल्या काहींनी मुलाने लक्ष वेधण्याचा प्रयत्न केल्यावर त्याला झिडकारले. मुले आमचे ऐकत नाहीत, अशी तक्रार पालक सभेत करताना हातातल्या फोनकडे नजर टाकणारे पालक मी पाहिले आहेत, आणि पर्यवेक्षणाच्या तासाला फोन पाहत बसणारे शिक्षकही. मुले आपल्याला पाहत असतात.

आता ज्या मुद्द्याने मला हे पत्र लिहायला भाग पाडले त्याकडे येते. माझ्या वर्गातील एक मुलगी काही दिवस गप्प गप्प असायची. बऱ्याच दिवसांनी, वर्ग रिकामा झाल्यावर, ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, घरी सांगणार नसाल तर एक सांगू का?’ मोबाइलवरच्या एका खेळात गप्पांची सोय असते. तिथे कोणीतरी ओळख काढली होती, आपण तुझ्याच वयाचे आहोत असे सांगितले होते, आधी खेळातल्या वस्तू भेट दिल्या होत्या आणि मग फोटो मागायला सुरुवात केली होती. तिने फोटो पाठवला नव्हता. तिला काहीतरी चुकते आहे हे कळले होते, ती घाबरलीही होती, पण ती कोणालाही बोलली नव्हती, आणि त्याचे कारण तिने एका वाक्यात सांगितले: ‘घरी कळलं तर फोन कायमचा काढून घेतील.’ मी तिला सांगितले की घरी न सांगण्याचे वचन मला देता येणार नाही, पण तिच्या आई-वडिलांशी बोलताना मी तिच्या शेजारी बसेन. तसे आम्ही केले. तिच्या घरच्यांनी समजूतदारपणा दाखवला. त्या व्यक्तीला ब्लॉक केले, संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवले आणि तक्रार नोंदवली.

या मुलीच्या त्या एका वाक्यावर प्रत्येक घरात आणि प्रत्येक शिक्षक खोलीत बोलले जावे असे मला वाटते. फोन काढून घेण्याची धमकी हे आपल्या हातातले सर्वांत सोपे हत्यार आहे, आणि ते आपण इतक्या वेळा उगारतो की संकटात सापडलेल्या मुलाला संकटापेक्षा आपलीच भीती जास्त वाटते. अनोळखी माणसाने जाळे टाकणे, वर्गातल्याच मुलांनी गट करून एखाद्याची चेष्टा करणे, फोटोत फेरफार करून तो फिरवणे, चुकून एखादे नको ते दृश्य समोर येणे, या सगळ्या प्रसंगांत मूल लवकर बोलले तर बरेच काही आवरता येते. ते गप्प राहिले तर हात बांधले जातात. म्हणून आई-वडिलांनी मुलाला आधीच, काहीही घडलेले नसताना, शब्दांत सांगून ठेवावे की अशा वेळी तू आमच्याकडे आलास तर त्या कारणाने फोन जाणार नाही. आणि दिलेला शब्द पाळावा. शाळेनेही असा एक शिक्षक किंवा शिक्षिका ठरवून मुलांना नाव सांगून ठेवावे. गुपचूप फोन तपासणाऱ्या ॲप्सविषयीही माझे हेच मत आहे. लहान मुलाच्या फोनवर मर्यादा घालणारी सोय जरूर असावी, पण ती आहे हे त्याला माहीत असावे. चोरून ठेवलेली पाळत उघडी पडते, आणि त्यानंतर ते मूल दुसरे खाते उघडते.

बंदी आणि पाळत यांच्या पलीकडे शिकवण्याचे काम उरतेच. मुलांना फोन ‘येतो’ असे आपण कौतुकाने म्हणतो. प्रत्यक्षात त्यांना तो सरकवता येतो. तो कसा चालतो, कोणासाठी चालतो, हे त्यांना ठाऊक नसते. माझ्या नववीच्या वर्गात आम्ही एकदा प्रोजेक्टरवर एका व्हिडिओ ॲपची सेटिंग्ज उघडली आणि एकेक बटण काय करते ते पाहिले. एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप का सुरू होतो, खाली सरकवताना पान कधीच का संपत नाही, सलग इतके दिवस आलात म्हणून आकडा वाढवून दाखवण्यात कोणाचा फायदा आहे, यावर मुले जी बोलू लागली ती तास संपल्याची घंटा झाली तरी थांबेनात. ‘म्हणजे आपण किती वेळ थांबतो त्यावर त्यांचे पैसे ठरतात,’ असे मागच्या बाकावरच्या एका मुलाने स्वतःहून सांगितले. ऑटोप्ले बंद कसे करायचे आणि नोटिफिकेशन कशी आवरायची, हे अनेकांना त्या दिवशी कळले. असा तास संगणकाच्या शिक्षकानेच घ्यायला हवा असे नाही. भाषेचा, नागरिकशास्त्राचा, कोणत्याही विषयाचा शिक्षक तो घेऊ शकतो.

वाचलेले पारखणे ही गोष्टही अशीच शिकवावी लागते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठातील विद्यार्थी आणि वृत्तसंस्थांतील तथ्य-तपासनीस यांना काही संकेतस्थळे तपासायला दिली. अभ्यासक आणि विद्यार्थी त्याच पानावर खिळून राहिले, त्याची मांडणी, भाषा, बोधचिन्ह पाहत राहिले आणि फसले. तपासनीस मात्र लगेच त्या पानाबाहेर पडले, नव्या टॅब उघडून ही संस्था कोण, तिच्याविषयी इतर काय म्हणतात, हे त्यांनी आधी पाहिले आणि थोड्या वेळात बरोबर निष्कर्ष काढला. ही युक्ती सहावीतल्या मुलालाही जमते. ‘हे लिहिले कोणी आणि त्याच्याविषयी दुसरे काय सांगतात’ हा प्रश्न प्रकल्पाच्या प्रत्येक कागदावर लिहायला लावला की नुसती उतरवाउतरव निम्म्याने थंडावते, असा माझा अनुभव आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने या कामात नवी भर घातली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि निबंध, प्रकल्प, गणिताची उत्तरे क्षणात तयार मिळू लागली. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात मुलांनी अशी साधने स्वतंत्रपणे वापरण्यासाठी किमान १३ वर्षांची वयोमर्यादा सुचवली. घरी अशी साधने वापरणाऱ्या मुलांना शाळेत ती वापरू नका असे नुसते बजावून भागणार नाही. तयार उत्तर चुकीचेही असू शकते, आणि ते ठाम भाषेत चुकीचे असते, हे त्यांना त्यांच्याच विषयातली उदाहरणे घेऊन दाखवावे लागेल. त्याचबरोबर विचार करून लिहिण्याचे काही काम वर्गातच, हाताने, शिक्षकासमोर व्हायला हवे, कारण आपल्या मनातले आपल्या शब्दांत मांडायची सवय त्याशिवाय लागत नाही.

हे सारे भार घर आणि शाळा यांच्यावरच टाकणे न्यायाचे नाही, हेही नमूद करायला हवे. बहुतेक समाजमाध्यमांवर खाते उघडण्यासाठी १३ वर्षांची अट दिसते, ती बालमानसशास्त्रातून आलेली नाही. मुलांची माहिती गोळा करण्यावर मर्यादा घालणाऱ्या अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातून ती आली. ब्रिटनने मुलांसाठी बनवलेल्या आणि मुले वापरण्याची शक्यता असलेल्या ऑनलाइन सेवांना एक संहिता लागू केली, आणि ती अमलात येण्याच्या सुमारास, २०२१ मध्ये, यूट्यूबने १३ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी ऑटोप्ले मुळातच बंद ठेवण्याची, तर टिकटॉकने १३ ते १५ वर्षांच्या मुलांना रात्री ९ नंतर नोटिफिकेशन न पाठवण्याची घोषणा केली. म्हणजे ही रचना बदलता येते. बदलायला लावणारे कोणी हवे असते. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये केलेला आणि १० डिसेंबर २०२५ पासून लागू झालेला कायदा १६ वर्षांखालील मुलांची खाती रोखण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकतो आणि मुलांना किंवा पालकांना दंड करीत नाही. त्या बंदीचा परिणाम काय होतो हे काळच दाखवील, पण जबाबदारी कोणावर टाकायची याचे उत्तर मला योग्य वाटते.

शाळांनीही ॲप निवडताना हा विचार करावा. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांच्या सरकारांनी महासाथीत सुचवलेल्या दीडशेहून अधिक ऑनलाइन शिक्षण साधनांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ८९ टक्के साधने मुलांच्या माहितीला धोका पोचवील अशा रीतीने ती हाताळत असल्याचे तिला आढळले. फुकट मिळते म्हणून एखादे ॲप सगळ्या वर्गाला डाउनलोड करायला सांगण्याआधी ते मुलांची कोणती माहिती घेते, जाहिराती दाखवते का, आणि नको झाल्यास ती माहिती पुसता येते का, एवढे शाळेने विचारावे आणि पालकांना लेखी कळवावे.

शेवटी माझी सूचना. शालेय वर्षाच्या सुरुवातीच्या पालक सभेत इतर विषयांबरोबर या विषयाला वेळ द्यावा आणि घर व शाळा दोघांना लागू होईल असे एक पान तिथेच लिहून काढावे. त्या सभेला मोठ्या वर्गांतील मुलांचे प्रतिनिधी असावेत. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने डिजिटल जगातील मुलांच्या हक्कांविषयी २०२१ मध्ये आपली भूमिका मांडण्यापूर्वी अनेक देशांतल्या ७०० हून अधिक मुलांचे म्हणणे ऐकून घेतले होते. एका शाळेला आपल्या मुलांचे ऐकणे त्याहून सोपे आहे. मुले अशा चर्चेत मोठ्यांपेक्षा कडक नियम सुचवतात, हे मी पाहिले आहे. वर्षाच्या मध्यावर ते पान पुन्हा उघडून न पाळले गेलेले नियम बदलावेत किंवा काढून टाकावेत. सगळे एका बैठकीत ठरणार नाही. पण गृहपाठाचा संदेश कोणत्या वेळेनंतर जाणार नाही, आणि फोनवर काही भीतिदायक घडले तर मुलाने शाळेत नेमके कोणाकडे जायचे, या दोन ओळी पुढच्याच सभेत लिहिता येतील.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका